हरलेल्या डावाचे वाचन : महेशचंद्रांची सवय की महेशचंद्रांचा विचार?

आजचा विषय म्हणजे बुद्धिबळाचा एक डाव. एकच डाव, एकवीस खेळींत मात झालेला. काळे मोहरे ज्याच्याकडे होते तो माणूस या डावात हरला, आणि आज आपण बोलणार आहोत ते त्याच्याबद्दलच. जिंकणाऱ्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे.

समीक्षा म्हटले की आपल्याकडे कविता नाहीतर कादंबरी डोळ्यांपुढे येते. पण डाव हीसुद्धा एक संहिताच आहे. ती दोघांनी मिळून लिहिलेली असते, आणि दोघेही एकमेकांचे वाक्य खोडून काढायच्या बेतात असतात, एवढाच फरक. संहिता म्हटली की वाचन आले, आणि वाचन म्हटले की चुकीचे वाचनही आले. आमचा आक्षेप अशाच एका चुकीच्या वाचनावर आहे. ते इतके रूढ झाले आहे की कोणी तपासत नाही.

डाव १८५५ च्या मे महिन्यातला, कलकत्त्याचा. पांढरे मोहरे जॉन कॉक्रेन यांच्याकडे. हे स्कॉटिश गृहस्थ, पेशाने बॅरिस्टर, कलकत्त्यात वकिली करणारे, आणि त्या काळच्या इंग्रजी बुद्धिबळातले मोठे नाव. काळे मोहरे महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याकडे. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे नाव मोहेशचंदर बॅनर्जी, बॉनर्जी असे नाना तऱ्हांनी वेडेवाकडे झालेले सापडते. कलकत्त्याच्या क्लबातला एक सभासद मुफस्सिलात गेला असताना त्याला हे गृहस्थ भेटले. गावात त्यांना हरवणारा कोणी नव्हता. त्यांना कलकत्त्याला आणून कॉक्रेनसमोर बसवले. हे १८४८ च्या सुमाराचे. मुफस्सिल म्हणजे काय, हे देवणीत सांगायची गरज नाही. आपण सगळे मुफस्सिलातलेच. पुढे या दोघांनी शेकडो डाव खेळले. बहुतेक कॉक्रेननी जिंकले, काही महेशचंद्रांनी. हे डाव इंग्रजी नियतकालिकांतून छापले गेले म्हणून आज आपल्या हाती आहेत.

आता पट मांडा. ज्यांनी आणला आहे त्यांनी मांडा, बाकीच्यांनी मनात मांडा. उभ्या पट्ट्या ए पासून एच पर्यंत, आडव्या एक ते आठ, पांढरे मोहरे खाली.

पांढऱ्याने वजिराचे प्यादे दोन घरे, डी४. काळ्याने घोडा एफ६. पांढरा सी४, काळा जी६. पांढरा घोडा सी३, आणि आता काळ्याची तिसरी खेळी : प्यादे डी५. इथे क्षणभर थांबा. मग पांढरा ई३, काळ्याचा उंट जी७. पांढरा घोडा एफ३, काळ्याचा किल्लेकोट. सहाव्या खेळीला पांढऱ्याने डी५ वर मारले, काळ्याने घोड्याने परत मारले. पांढऱ्याचा उंट ई२. काळ्याच्या घोड्याने सी३ वरचा घोडा मारला, पांढऱ्याने बी प्याद्याने तो उचलला. आठवी खेळी, काळ्याचे प्यादे सी५. पांढऱ्याचा किल्लेकोट, काळ्याने डी४ वर मारले, पांढऱ्याने सी प्याद्याने परत मारले, आणि काळ्याचा दुसरा घोडा सी६ वर आला.

दहा खेळी झाल्या. ज्यांची मुले मोबाईलवर बुद्धिबळ शिकतात त्यांनी ही सुरुवात मुलांना दाखवावी. मुलगा तिसऱ्या खेळीलाच सांगेल, हा ग्रुनफेल्ड बचाव आहे. बरोबर आहे. ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये ही सुरुवात मोठ्या स्पर्धांत खेळून दाखवली. त्याच वर्षी व्हिएन्नात त्यांनी तिच्याच जोरावर अलेखाइनला हरवले, जो पुढे जगज्जेता झाला. म्हणून नाव ग्रुनफेल्ड. पण १८५५ आणि १९२२ यांची वजाबाकी करा. सदुसष्ट वर्षे.

नाव एकाचे आणि खेळ दुसऱ्याचा, याबद्दल आमची तक्रार नाही. आपल्या भागातले जनावर घ्या. वानेरा, बालंक्या, शेवरा असे तिन्ही प्रकार असलेल्या या जातीला सगळा देश देवणी म्हणून ओळखतो. म्हणून काय ती याच गावच्या शिवेच्या आत जन्मली? सीमेपलीकडे बीदरकडेही तेच जनावर आहे. ज्या जागी ते लोकांच्या नजरेत भरले, त्या जागेचे नाव त्याला चिकटले. नावे अशीच पडतात. महेशचंद्रांचा डाव नोंदला गेला, पण त्याच्यावर नजर बसली नाही. ग्रुनफेल्डच्या डावावर बसली. इथपर्यंत ठीक.

खरी गोष्ट पुढे आहे. महेशचंद्रांचे हे आणि असे इतर डाव पुढे अभ्यासकांच्या लक्षात आले. काळ्याने पहिल्याच खेळीत प्यादे मध्यभागी रेटायचे नाही, घोडा बाहेर काढायचा, उंट जी७ ला नेऊन कोपऱ्यातून मध्यावर नजर ठेवायची, या पद्धतीच्या सुरुवातींना १९२० च्या दशकात 'इंडियन' हे नाव रूढ झाले. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन वगैरे. मग प्रश्न आला, या हिंदुस्थानी माणसाला हे सुचले कसे? त्याचे उत्तर असे दिले गेले : हिंदुस्थानी नियमांत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. महेशचंद्र लहानपणापासून तसेच खेळलेले. तेव्हा युरोपी नियमांनी खेळतानाही हात एकेकच घर सरकत राहिला. डी६, जी६. प्यादी मागे राहिली की उंटाला बाहेर पडायला कोपऱ्याचीच वाट उरते. म्हणजे हा बचाव म्हणजे जुनी सवय.

वरवर किती सोज्वळ स्पष्टीकरण आहे, बघा. यात कोणाला शिवी नाही, कोणाला कमी लेखलेले नाही. उलट आपल्या देशाचे नाव आहे, आणि आपणही ते अभिमानाने सांगतो. पण त्यात एक गोष्ट हळूच काढून घेतली आहे. खेळी महेशचंद्रांकडे ठेवली आणि खेळीमागचा विचार त्यांच्याकडून काढून घेतला. ग्रुनफेल्डने केला तो शोध, महेशचंद्रांनी केली ती सवय. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, आणि आमच्या विषयात तर हा प्रकार फार जुना आहे. आपल्याकडच्या माणसाने काही केले की ती परंपरा, दुसऱ्याने तेच केले की तो सिद्धांत. म्हणून हे स्पष्टीकरण खरे की खोटे हे तपासायला हवे. भावनेने नको. पटावर तपासू.

जुने नियम आधी नीट समजून घेऊ. प्रांतोप्रांती फरक होता, पण ढोबळ मानाने असे : प्यादे एकेक घर. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी, तीही शह बसण्याच्या आत. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ज्या पट्टीत पोचले तिथला मोहरा व्हायचे. हवा तो मोहरा मागायची सोय नव्हती. 'प्याद्याचा वजीर झाला' असे आपण सहज म्हणतो, पण त्या खेळात प्याद्याचा वजीर व्हायला प्याद्याला योग्य पट्टी गाठावी लागे.

आता महेशचंद्रांच्या पहिल्या दहा खेळी पुन्हा बघा. पहिली खेळी घोड्याची, तिचा प्याद्याच्या सवयीशी संबंध नाही. किल्लेकोट तर जुन्या खेळात नाहीच. मारामारी सोडून प्याद्यांच्या खेळी तीन : जी६, डी५, सी५. यांतली एक घराची एकच, जी६. डी५ आणि सी५ या दोन्ही दोन घरांच्या उड्या. आणि ग्रुनफेल्ड बचावाचा प्राण कशात आहे? याच दोन उड्यांत. जी६ तर कोणत्याही नियमाने खेळले तरी एकच घर लागते, कारण उंटाला जी७ वर बसवायचे असेल तर प्यादे जी६ वरच असायला हवे. म्हणजे ज्या डावाला सवयीचे फळ म्हणतात, त्या डावाच्या सुरुवातीतल्या महत्त्वाच्या दोन्ही चाली जुन्या सवयीच्या विरुद्ध आहेत.

आपल्याकडे न्यायशास्त्राने यासाठी चांगली हत्यारे दिली आहेत, ती वापरू. 'सवय होती म्हणून ही सुरुवात' असे अनुमान करायचे तर व्याप्ती दाखवावी लागेल : जिथे जिथे एकेरी प्याद्याची सवय, तिथे तिथे ही सुरुवात. आता १८४८ चा डाव घ्या, हेच दोघे, महेशचंद्र कलकत्त्याला नवेच. कॉक्रेन ई४ खेळले. महेशचंद्रांचे उत्तर? ई५. दोन घरे! पुढे पांढरा घोडा एफ३, काळा घोडा एफ६, पांढऱ्या घोड्याने ई५ वर मारले, काळा डी६, आणि कॉक्रेननी घोडा सरळ एफ७ वर टाकून त्याचा बळी दिला. ते बलिदान आज कॉक्रेन गँबिट म्हणून पुस्तकांत आहे, आणि ते पहिल्यांदा सोसले ते महेशचंद्रांनी. आमचा मुद्दा वेगळा आहे. सवय सर्वांत घट्ट असायची ती सुरुवातीला, १८४८ ला. तेव्हा हा माणूस अस्सल युरोपी ई५ खेळतो. सात वर्षे युरोपी नियम पचवल्यावर, १८५५ ला, तो जी६ आणि डी५ खेळतो. किमान या दोन डावांपुरते तरी सवयीचे गणित उलटे पडते. सवय होती आणि ही सुरुवात नव्हती, याला आपल्या शास्त्रात व्यभिचार म्हणतात. हेतू आहे, साध्य नाही.

आता व्यतिरेक बघा. जिथे ती सवय नाही, तिथे ही सुरुवात नसावी. पण व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डला कुठली आली एकेरी प्याद्याची सवय? तरी खेळ तोच. अन्वयही फसला, व्यतिरेकही फसला. अशा अनुमानाला आमच्या वर्गात आम्ही पन्नासातले पंधरासुद्धा दिले नसते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर सवयीच्या बाजूनेही काही आहे. महेशचंद्रांच्या इतर डावांत डी६, जी६ अशा एकेरी चाली वारंवार दिसतात, आणि त्या बघून कोणाला जुना खेळ आठवला तर ते अगदीच हवेत नाही. माणूस जे शिकून आला ते झटकून टाकत नाही. पण सवय फार तर हात कुठे जातो ते सांगेल. तिथून पुढे आठ खेळी एकमेकींना धरून कशा चालतात, ते सवय सांगू शकत नाही.

तसे धरून चालतात का, ते बघू. आमच्या मते विचाराचा पुरावा माणसाच्या आत्मचरित्रात शोधण्यापेक्षा खेळींच्या क्रमात शोधावा. काळ्याने डी५ करून तंटा मांडला. पांढऱ्याने मारले, काळ्याने एफ६ च्या घोड्याने परत मारले. हा घोडा एफ६ वरून उठला, तेव्हाच त्याच्या पाठीमागे जी७ वर बसलेल्या उंटाची वाट मोकळी झाली. आता उंट सरळ डी४ वर बघतो. मग काळ्याने घोड्याने घोडा मारला. नवशिक्याला वाटेल, बाहेर आलेला चांगला घोडा देऊन टाकला. पण त्याने पांढऱ्याचे बी प्यादे सी पट्टीत ओढले गेले, आणि पुढच्याच खेळीत सी५ ने त्या जोडीवर घाव घातला. सी५ चे प्यादे समोरून, जी७ चा उंट तिरका, आणि दहाव्या खेळीला सी६ चा घोडा, तिघांचे लक्ष्य एकच : डी४. यातली कोणतीही एक खेळी काढून घ्या, बाकीच्या लंगड्या पडतात. सवयीने केलेल्या गोष्टी अशा एकमेकींवर रेलून उभ्या नसतात.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. पांढरा चौथ्या खेळीला ई३ खेळला, ई४ चा विस्तार त्याने पुढेही केला नाही. ग्रुनफेल्ड बचावाची खरी कसोटी लागते ती पांढरा मध्यभागी ई४ आणि डी४ अशी भलीमोठी प्याद्यांची भिंत उभारतो तेव्हा. तशी भिंत इथे उभीच राहिली नाही. म्हणून महेशचंद्रांनी ग्रुनफेल्डचा अख्खा सिद्धांत आधीच मांडला होता असे कोणी म्हणेल तर आम्ही त्यालाही अडवू. त्यांनी आपल्या विचाराबद्दल लिहिलेली एक ओळ आपल्यापाशी नाही. आपल्यापाशी खेळी आहेत. 'आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' हे वाक्यही सवयीच्या स्पष्टीकरणाइतकेच आळशी आहे. दोन्हीत पट मांडून बघायचे कष्ट नाहीत.

मग आपल्या लोकांनी या खेळावर विचार करून लिहिलेच नव्हते का? लिहिले होते, आणि आपल्याच मुलखात. पेशव्यांच्या आश्रयाला असलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्रींनी 'विलासमणिमंजरी' हा बुद्धिबळावरचा ग्रंथ संस्कृतात रचला. शास्त्री मूळचे तिरुपतीचे. त्यावरून केलेले इंग्रजी पुस्तक १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. ते पुस्तक मुख्यतः अवघड स्थितींचे आहे : असे असे मोहरे उभे आहेत, आता मात कशी? आणि त्याच्या इंग्रजी नावातच म्हटले आहे की या स्थिती युरोपी पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेल्या आहेत. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. दोन नियमांतला फरक ओळखणे, कोणती स्थिती दुसऱ्या नियमात टिकेल आणि कोणती टिकणार नाही हे ठरवणे, टिकणार नाही ती दुरुस्त करणे, हे सवयीने होणारे काम नाही. महेशचंद्रांच्या डावाच्या एक्केचाळीस वर्षे आधी हे काम आपल्याकडे पुस्तकरूपाने झाले होते. त्रिवेंगडाचार्यांचे पुस्तक महेशचंद्रांनी पाहिले होते असे आम्ही सुचवत नाही. एका नियमातून दुसऱ्यात जाणे ही या देशात डोळस क्रिया होती, एवढेच म्हणतो.

हे 'सवय' प्रकरण महेशचंद्रांवर थांबले नाही. सुलतान खान यांचे नाव तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. पंजाबातले, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले. लहानपणी हिंदुस्थानी नियमांचाच खेळ. पुढे विलायतेला गेले आणि ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकले : १९२९, १९३२ आणि १९३३. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकाला हरवले, म्हणजे माजी जगज्जेत्याला, तेही पासष्ट खेळींच्या संथ, आवळत नेणाऱ्या डावात. आणि तरी त्यांच्याबद्दल सगळीकडे एकच विशेषण : नैसर्गिक प्रतिभा. पुस्तके न वाचता आलेली, म्हणजे जणू पावसासारखी वरून पडलेली.

त्या डावाची सुरुवात क्वीन्स इंडियन होती, पांढरे मोहरे सुलतान खान यांचे. पाचवी खेळी : प्यादे ए३. एक घर. एवढेसे प्यादे कडेला एक घर सरकवले, का, तर काळ्याच्या उंटाला बी४ वर येऊ द्यायचे नाही. आता गंमत ऐका. याच खेळीला आज जगभर पेट्रोशियन व्हेरिएशन म्हणतात. टायग्रान पेट्रोशियन हा पुढे जगज्जेता झालेला खेळाडू, तेव्हा त्याच्या एका घराच्या चालीत लोकांना खोल प्रतिबंधक विचार दिसला, आणि तो होताच. पण तेच प्यादे, तेच घर, पंजाबच्या माणसाच्या हातून सरकले तर? एकेरी प्याद्याची जुनी सवय! अहो, प्याद्याला काय कळते त्याला कोणी ढकलले? सुलतान खान यांना जागतिक संघटनेने मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ मध्ये. तोवर ते जाऊन अर्धशतक उलटून गेले होते.

आजचे बघू. आज आपल्या माणसांबद्दल कोणी 'सवय' म्हणत नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत बातुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकली, एकोणीस वर्षांची पोरगी, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी हरवले. सुरुवात बर्लिन बचावाची, आणि अकराव्या खेळीला उंट सरळ एच३ च्या प्याद्यावर टाकला. काय खेळी होती! पण अशा खेळीनंतर हल्ली पहिला शब्द येतो तो 'तयारी'. म्हणजे यंत्राने सांगितले असेल, पोराने पाठ केले असेल. पूर्वी खेळीचे श्रेय सवयीला जायचे, आता यंत्राला जाते. खेळाडू दोन्ही वेळा बाजूला. यंत्र घरी शंभर खेळी दाखवते. त्यांतली कोणती, कोणासमोर, कोणत्या दिवशी काढायची, आणि समोरचा वाटेवरून घसरला की पुढे आपल्या डोक्याने कसे खेळायचे, हे घड्याळ चालू असताना यंत्र सांगत नाही. तयारी हाही विचारच आहे, आधी करून ठेवलेला.

असो. आता महेशचंद्रांचा डाव शेवटपर्यंत नेऊ, कारण हरला कसा हे सांगितल्याशिवाय हरलेल्या डावाचे वाचन पुरे होत नाही. शिवाय एक शंका तुमच्या मनात असेलच : सुरुवात एवढी विचाराची होती तर माणूस एकविसाव्या खेळीला मेला कसा?

अकरावी खेळी, पांढरा उंट बी२, काळा उंट जी४. पांढरा हत्ती सी१, काळा हत्ती सी८. पांढऱ्याने उंट ए३ वर फिरवला, ई७ च्या प्याद्यावर रोख धरला. काळ्याने वजीर ए५ वर नेऊन त्या उंटावर डोळा ठेवला. पांढऱ्याने वजीर बी३ वर आणला. या खेळीकडे नीट बघा : ती ए३ चा उंट राखते, बी७ कडे बघते, आणि तिरक्या वाटेने थेट एफ७ कडेही बघते. काळ्याला दिसले ई७. त्याने एफ८ चा हत्ती उचलून ई८ वर ठेवला, ई७ राखायला. आणि एफ७ पाशी राजा एकटा उरला. आम्हाला विचाराल तर डाव इथे वळला.

पंधरावी, पांढरा हत्ती सी५, वजिरावर चाल. वजीर बी६. हत्ती बी५, पुन्हा वजिरावर. वजीर परत डी८, आपल्या मूळ घरी. काळ्याचा वजीर तीन खेळी हिंडून रिकाम्या हाताने घरी आला, आणि तेवढ्यात पांढऱ्याचा हत्ती फुकटात पाचव्या पट्टीत येऊन बसला. सतरावी, पांढरा घोडा जी५. एफ३ वरून घोडा उठताच ई२ चा उंट जी४ च्या उंटावर आला, आणि घोडा व वजीर मिळून एफ७ वर. काळ्याने ई६ करून वजिराची तिरकी वाट बंद करावी तर? मग पांढरा जी४ चा उंट मारतो, आणि काळ्याचा वजीर जी५ चा घोडा खायला गेला तर बी५ चा हत्ती पाचवी पट्टी धरून बसलेलाच आहे, तो वजीर खातो. म्हणून काळ्याने उंटाने ई२ चा उंट मारला. पांढरा घोडा एफ७ वर. पुन्हा एफ७! १८४८ ला चौथ्या खेळीला जिथे कॉक्रेनचा घोडा पडला होता, त्याच घरात सात वर्षांनी अठराव्या खेळीला त्यांचा घोडा येऊन बसला. कॉक्रेनचीही सवय होती म्हणायची की काय! त्यांच्याबाबतीत तिला शैली म्हणतात.

काळ्याने घोडा ए५ वर टाकून पांढऱ्याच्या वजिरावर हल्ला केला. उपयोग नव्हता. पांढरा घोडा एच६, दुहेरी शह : घोड्याचाही आणि बी३ च्या वजिराचाही. दुहेरी शहाला राजा हलवण्यावाचून उपाय नसतो. एफ८ ला गेला तर वजीर एफ७ वर मात. एच८ ला गेला, तर पांढरा वजीर जी८ वर शह. घोड्याचा आधार असल्याने राजाला तो मारता येत नाही, हत्तीलाच मारावा लागतो. आणि मग घोडा पुन्हा एफ७ वर. मात.

काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात आहे. जी८ वर त्याचाच हत्ती, एच७ वर त्याचेच प्यादे, आणि जी७ वर त्याचाच उंट. सगळा बचाव ज्या उंटावर उभा केला तोच राजाच्या वाटेत आडवा.

आता शंकेचे उत्तर. दहाव्या खेळीनंतरची स्थिती काळ्यासाठी वाईट नव्हती. मोहरे समान, राजा सुरक्षित, उंटाची वाट मोकळी. डाव गेला तो तेराव्यापासून सतराव्यापर्यंत, वजिराच्या फेऱ्यांत आणि हत्तीच्या त्या एका घराच्या चालीत. त्याचे खापर सुरुवातीवर फोडता येणार नाही. पण जगात तसेच होते. ज्या सुरुवातीने पहिला डाव हरला ती सुरुवात लोक वाचत नाहीत, आणि १९२२ ला ज्याने जिंकून दाखवले त्याच्याकडे सगळे वळतात. महेशचंद्रांच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या : डाव हरला, म्हणून सुरुवातीकडे दुर्लक्ष झाले, आणि लक्ष गेले तेव्हा ती विचार म्हणून न धरता सवय म्हणून धरली. पहिली गोष्ट खेळाची रीत आहे, तिच्यावर रागवून उपयोग नाही. दुसरी तपासता येते, आणि ती आत्ता आपण पटावर तपासली.

प्रश्न असतील त्यांनी पुढे यावे. पट तेराव्या खेळीवर परत लावून ठेवू या. तिथे काळ्याने वजीर ए५ ला न नेता काय करायला हवे होते, हे शाळेच्या पोरांनी सांगावे, यंत्र बाजूला ठेवून. आम्ही बसलो आहोत.